दोन जिवांचे ताट

'दोन जिवांची आहेस, दोघांपुरते खा' हा उपदेश मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उपदेश मायेचा खरा. परंतु गर्भारपणात उद्भवणाऱ्या मधुमेहाचा विचार करता किती खावे यापेक्षा काय खावे, आणि ते खायला मिळते काय, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. ही उणीव स्वादुपिंडाला भरून काढता आली नाही की रक्तातील साखर वाढते. त्यातून प्रसूती अवघड होण्याचा, तसेच पुढे माता व अपत्य या दोघांनाही मधुमेह जडण्याचा धोका वाढतो. वय, आनुवंशिकता, आधीचे वजन ही कारणे केवळ आहाराने पुसली जात नाहीत. तथापि पांढरा भात, मैद्याची बिस्किटे आणि गोड चहा यांवर भागवलेला दिवस रक्तातील साखर झपाट्याने चढवतो. भाकरी, डाळ, उसळ व पालेभाजी यांचे ताट तिला आवर घालते.

हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत सोडून दिली पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील अर्भके सरासरी पावणेतीन किलोंच्या आत भरली. ती हडकुळी होती, परंतु मांसाच्या मानाने त्यांच्या अंगी चरबी अधिक होती. ज्या माता पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे वजनाने अधिक भरली. कमी वजनाच्या मुली मोठ्या होऊन स्वतः माता होतात, तेव्हा त्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे हा प्रश्न नऊ महिन्यांचा नव्हे, दोन पिढ्यांचा आहे.

असे असताना सारी जबाबदारी गर्भवतीच्या जिभेवर ढकलणे अन्यायाचे होय. घरातील सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले जिच्या वाट्याला येते, तिला 'डाळी व भाज्या खा' असे सांगून काय साधणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्या हक्कात डाळीला स्थान नाही. पोट भरते, ताट मात्र अपुरेच राहते.

तपासणीचीही तीच गत. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासावयाचे असते. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास प्रथम आहाराचे उपचार करावयाचे असतात. परंतु दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडीला निघालेल्या मराठवाड्यातील बाईचे हेच आठवडे परक्या फडावर जातात. गावची आशा सेविका तेथे नसते आणि तपासणीला जावे तर दिवसाची मजुरी बुडते. साऱ्या राज्याची साखर जिच्या कोयत्याने निघते, तिच्या रक्तातील साखर मोजायला कोणी नसावे, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

मार्ग अवघड नाही. आदिवासी भागातील गर्भवतींना दिवसातून एक चौरस गरम जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरू केली. तोच न्याय ऊसतोड कामगारांच्या कोप्यांना आणि शहरातील वस्त्यांना लावता येईल. शिधावाटप दुकानात डाळ आणि ज्वारी-बाजरी मिळावी, तपासणी फडापर्यंत पोहोचावी आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी बुडू नये.

गर्भवतीने काय खावे हे सांगण्याचा अधिकार समाजाला जरूर आहे. पण ते तिच्या ताटात वाढण्याचे कर्तव्य त्याने आधी पार पाडले पाहिजे.