हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाचं

बक्षीस किती द्यायचं हा प्रश्न हॉटेलापुरता आपण कधीच सोडवून टाकला आहे. बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की झालं. रिक्षावाल्याला वरचे पाच रुपये 'राहू द्या' म्हटलं की झालं. पण समुद्राच्या पोटात हाताला धरून नेणाऱ्या आणि सुखरूप वर आणणाऱ्या माणसाच्या हातावर काय ठेवायचं? आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यामुळे त्याची रीतही ठरलेली नाही. दिवाळीच्या सुटीत आमच्या बारडोलीहून दोन गाड्या मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी निघाल्या आणि "भाभी, तुम्ही तिकडच्याच ना, मग तुम्हीच सांगा" म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. बेळगावची माहेरवाशीण म्हणजे मालवण हिच्या परसातलंच, अशी इथल्या मंडळींची पक्की समजूत आहे.

आता बारडोली म्हणजे टक्क्यांवरून वाद घालण्यात मुरलेला तालुका. १९२८ साली सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी तो भरायचाच नाकारला. जमिनी आणि गुरंढोरं जप्त झाली तरी नमले नाहीत, आणि शेवटी चौकशी होऊन ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. वल्लभभाई 'सरदार' झाले ते याच लढ्यात. अशा गावच्या ओटल्यावर बक्षिसाचा विषय निघाला, तर तो पाच मिनिटांत मिटेल ही आशाच नको.

शेजारच्या काकांचा मुलगा अमेरिकेहून आलेला. तो म्हणाला, तिकडे एका सिलिंडरमागे पाच ते दहा डॉलर देतात आणि चार-सहा दिवस बोटीवरच मुक्काम असेल तर एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के पाकिटात घालून शेवटच्या दिवशी देतात. पाच डॉलर म्हणजे चारशेच्या वर रुपये. मालवणात कित्येक ठिकाणी स्कूबाची फीच हजाराच्या आगेमागे, तिथे चारशेचं बक्षीस! काकांनी लगेच दुसरं टोक गाठलं : फी भरली ना, मग वर कशाला? जपानमध्ये कुणी टिप देत नाही. खरं आहे, जपानात ती पद्धत नाही. पण तिथल्या पगाराची आणि जेटीवरच्या रोजाची बरोबरी कशी करायची? तिसरी सूचना त्यांच्या सूनबाईंची. "आधीच पाचशे हातावर ठेवू, म्हणजे आपल्या पोरांना नीट सांभाळतील." ही मला सगळ्यात जास्त खटकली. का, ते पुढे सांगते.

एवढा वेळ सुरती पापडी निवडत बसलेल्या बा, म्हणजे काकांच्या आई, मान वर न करता बोलल्या, "हिसाब कोडीनो, ने बक्षिस लाखनी."

गुजरातीतली ही म्हण इथे घरोघरी ऐकू येते. हिशेब करायचा तो कवडी-कवडीचा, तिथे सूट नाही, संकोच नाही. बक्षीस द्यायचं तर लाखाचं द्या, तिथे हिशेब नाही. दोन्ही वह्या वेगळ्या. एकीतला आकडा दुसरीत घालायचा नाही. मला वाटतं, आपण प्रवासाला निघालो की नेमकं उलटं वागतो. हिशेबाच्या जागी दया मागतो आणि बक्षिसाच्या जागी पैसे मोजत बसतो.

मालवणच्या जेटीवर जरा उभं राहून बघा. "बाराशे? आम्ही अकरा जण आहोत, आठशेत करा." समोरचा हो-ना करत आठशेवर येतो आणि आपण जिंकल्याच्या आनंदात बोटीत बसतो. पण ते चारशे रुपये गेले कुठून? डिझेल आपल्यासाठी स्वस्त झालं नाही. गिऱ्हाईक आणून देणारा एजंट आपलं कमिशन सोडत नाही. मग उरतं काय? पाण्याखालची मिनिटं कमी होतात, तोंडात धरायच्या नळीची धुलाई घाईत होते, बोटीत दोन माणसं जास्त बसवली जातात, नाहीतर पोराच्या रोजातून काही कापलं जातं. आणि वर आल्यावर त्याच पोराच्या हातात शंभराची नोट ठेवून आपण उदार होतो! चारशे त्याच्या पानातून काढायचे आणि शंभर परत वाढायचे, याला बक्षीस म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

त्याचं काम काय असतं तेही पाहायला हवं. ज्यांना पोहता येत नाही अशांनाही हे लोक खाली नेतात. पाठीवरचं सिलिंडर पंधरा किलोच्या आसपास. तोंडाने श्वास घ्यायचा, नाक मास्कमध्ये बंद. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब धरून एकूण दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा श्वास कोंडून वर आणली तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला ती देता येत नाही. म्हणून 'श्वास रोखू नका' हा या खेळातला पहिला नियम. घाबरलेला माणूस नेमका तोच मोडतो. मी स्वतः तारकर्लीला एकदा खाली गेले आहे. कानात दडा बसला तसं नाक चिमटीत धरून हवा सोडायची, हे वर दहा वेळा घोकलेलं खाली क्षणात विसरले. माझ्या मागे सिलिंडर धरून असलेल्या मुलाने माझ्या डोळ्यांत बघितलं, हातभर वर घेतलं, स्वतःचं नाक धरून दाखवलं, मी केल्यावर पुन्हा खाली नेलं. अंगठा आणि तर्जनीचं कडं, म्हणजे ठीक. नुसता अंगठा वर, म्हणजे वर चला. आपल्याकडे शाबासकीची जी खूण, तीच तिथे 'मला बाहेर काढा' म्हणून वाचली जाते! मासे बघून आनंदाने अंगठे दाखवणारे किती जण दिवसात त्याला भेटत असतील, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून खरं काय ते त्याला ओळखावं लागतं.

वर बोटीवर आणखी दोघे-तिघे असतात, ते आपल्या ध्यानातही राहत नाहीत. सुकाणूवरचा तांडेल, नांगर सांभाळणारा, सिलिंडरं चढवणारा-उतरवणारा, ओल्या आजींना हात देऊन शिडीवरून वर घेणारा. फोटोत फक्त खाली नेणारा येतो, म्हणून बक्षीसही त्यालाच मिळतं.

तर ओटल्यावर मी जे सांगितलं ते असं. मालवणसारखी थोड्या वेळाची बुडी असेल तर खाली जाणाऱ्या प्रत्येकामागे शंभर ते दोनशे रुपये, ज्याने धरलं त्याच्याच हातात. बोटीवरच्या बाकीच्यांसाठी घरटी शंभर-दोनशे, तांडेलाकडे, 'सगळ्यांत वाटा' असं मोठ्याने सांगून. मोठ्याने म्हणजे इतरांना ऐकू जाईल असं. दिवसभराची सफर असेल तर माणशी तीनशे ते पाचशे. तीन-चार दिवस शिकून सर्टिफिकेट घेणार असाल, तर शिकवणाऱ्याला शेवटच्या दिवशी हजार-दोन हजार. हा माझा अंदाज आहे, सरकारी दरपत्रक नव्हे. कॉलेजातली पोरं पैसे जमवून आली असतील तर त्यांनी नीट आभार मानले तरी पुष्कळ. कुणी मागून घेत असेल तर मात्र द्यायची सक्ती मानू नका. हॉटेलांनी सेवाशुल्क सक्तीने बिलात लावू नये, असं दिल्ली उच्च न्यायालयानेसुद्धा मार्च २०२५ मध्ये म्हटलं आहे. बोटीला वेगळा न्याय कशाला?

एक व्यवहाराची गोष्ट. हल्ली सगळे मोबाइलने पैसे देतात आणि काउंटरवरचा तो काळा-पांढरा चौकोन मालकाच्या खात्याचा असतो. 'टिपसुद्धा त्यातच टाकली' म्हणणाऱ्यांची टिप पाण्यात उतरलेल्या मुलापर्यंत पोचेलच असं नाही. शिवाय पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो आणि किनाऱ्यावर आल्यावर तो मुलगा पुढच्या मंडळींना घेऊन गेलेला असतो. म्हणून शंभराच्या सुट्या नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, खाली न जाणाऱ्या एखाद्या मावशी-काकांकडे बोटीवरच ठेवाव्यात.

आता आधी देण्याबद्दल. बुडीच्या आधी दिलेला पैसा हे बक्षीस नव्हे. त्याचा अर्थ 'आमच्याकडे जास्त बघ' असा होतो, म्हणजेच शेजारच्या कुटुंबाकडे कमी बघ. त्याहून वाईट म्हणजे 'अजून थोडं खोल ने, अजून पाच मिनिटं ठेव' यासाठी दिलेला. नवख्या माणसाला पहिल्या बुडीत १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही, असा 'पॅडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम आहे. पाचशेच्या नोटेने तो मोडायला लावणारा मोठ्या मनाचा कसा? आणि जिथे लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरत नाहीत, बोट भरगच्च आहे, तिथे बक्षिसाचा प्रश्नच नाही, खाली उतरायचं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली, वीस पर्यटक होते, दोघे गेले. तेव्हा मालवणच्या बोटीत चढताना आधी डोकी मोजा, मग जॅकेटं मोजा. कवडीचा हिशेब तो हाच.

आपल्या कारवार-भटकळ बाजूची मंडळी मालवणऐवजी मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जातात. किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर, उघड्या समुद्रातून तासाच्या वरचा प्रवास. पाणी जास्त नितळ, फीही मालवणच्या कितीतरी पट. माझ्या भावाच्या कुटुंबाबरोबर मी गेले होते, पण लाटांनी पोटात इतकं ढवळलं की खाली न उतरता बोटीवरच लिंबू हुंगत बसले. तेवढ्यात तांडेलाशी कन्नडमध्ये गप्पा जमल्या. पावसाळाभर बोट वर ओढलेली, या कामाचे पैसे हाती येतात ते वर्षातले सात-आठ महिनेच. बाकीचे दिवस जाळी विणायची, नाहीतर गोव्याला जायचं. पर्यटक कानडीत बोलले की बरं वाटतं, म्हणाला, नाहीतर दिवसभर नुसती बोटांची भाषा. परतताना वहिनीने त्याला वेगळे तीनशे दिले. त्याने एक नोट परत पुढे केली, "साकु अक्का," पुरे म्हणून. वहिनी निपाणीची, ती कसली ऐकते. "इरली बिडु," म्हणाली आणि ती नोट घडी करून त्याच्या डब्याच्या झाकणाखाली सरकवली.