बाळंतिणीचे मन कोण पाहणार?

गर्भवतीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, असे नाव देणाऱ्या सुश्रुताच्या परंपरेला मातेच्या मनाचा विचार नवा नाही. गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींत चरकाने मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान दिले. डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेर, सव्वा महिन्याची विश्रांती या रूढींतही तेच शहाणपण आहे. मग त्याच समाजात बाळंतीण रडू लागली, तर 'बाळ धडधाकट आहे, मग रडायला काय झाले?' एवढेच का ऐकू येते?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आता रुग्णालयांत होतात. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु शरीर वाचविताना मनाकडे दुर्लक्ष झाले. अनोळखी खोलीत, आपल्या माणसावाचून, वेदनांत असताना खेकसणे ऐकावे लागले, आपल्यावर काय उपचार होत आहेत हेही कोणी सांगितले नाही, तर त्या प्रसंगाची धास्ती घरी आल्यावरही तिची पाठ सोडत नाही. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आग्रहाने सांगितले. आपल्याकडील सुईणीला आणि आजीला ते ठाऊक होते.

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जणी गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. दारिद्र्य, नवऱ्याचा छळ आणि मुलगी झाल्याबद्दलची नाराजी या कारणांचा त्यात मोठा वाटा होता. देवीची पूजा करणाऱ्या घरात कन्येच्या जन्माने मातेला आजार जडावा, याहून लाजिरवाणे ते काय? हा दोष परंपरेच्या माथी मारून भागणार नाही. तो आपल्या आचरणाचा आहे.

पहिल्या काही दिवसांतील हळवेपणा बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. त्यापुढेही उदासी, निद्रानाश, बाळाविषयी अलिप्तता वा जीव नकोसा होणे दिसले, तर तो आजार असतो आणि तो उपचाराने बरा होतो. हजारात एक-दोन मातांना भ्रम होतात, वर्तन पालटते; तेव्हा 'बाहेरची बाधा' समजून अंगारे-धुपारे करण्यात एक दिवसही दवडू नये. तातडीने मनोविकारतज्ज्ञ गाठावा. मातेला बाळापासून तोडण्याचे भयही बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तीन वर्षांखालील बाळाला उपचार घेणाऱ्या मातेपासून सामान्यतः वेगळे करण्यास मनाई केली आहे.

मुले होताच दूर शहरी बिऱ्हाड करणाऱ्या पिढीला सव्वा महिन्याचे माहेरही दुर्मीळ झाले आहे. तेथे शेजार, महिला मंडळ आणि वस्तीवरील कार्यकर्त्या यांनीच माहेर व्हावे. आशा सेविकेने बाळाच्या वजनासोबत मातेची झोप विचारावी. नवऱ्याने रात्रीची पाळी घ्यावी. सासूने लेक समजून दोन शब्द बोलावेत. पाळण्यापुढे जमणाऱ्या प्रत्येकाने आधी पाळणा हलविणाऱ्या हाताकडे पाहावे. मातृवंदनेचा खरा अर्थ तोच होय.