ओव्याचा अर्क आणि कोंबडीचा हिशेब

परसातील कोंबडी मलूल झाली की तिला ठेचलेला लसूण वा हळद चारण्याची चाल खेड्यापाड्यांतून जुनीच आहे. तोच लसूण आणि तीच हळद आता अर्काच्या रूपाने, डबाबंद होऊन, ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरत आहेत. प्रतिजैविकांवाचून वाढ, असा त्यांचा डांगोरा आहे. त्यात तथ्य किती, याचा विचार भाबडेपणाने करून चालणार नाही, कुचेष्टेनेही नाही.

ब्रॉयलरचा धंदा हा मुळात खाद्याचा धंदा आहे. सुमारे चाळीस दिवसांत पिलू दोन किलोंचे होते आणि तोवर तीन किलोंहून अधिक मका व सोयापेंड फस्त करते. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचाच. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये पक्ष्यामागे शंभर ग्रॅम खाद्य वाचले तरी अर्धा टन वाचते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की, खाद्यात प्रतिजैविकांचा अल्प अंश मिसळला तर पिले झपाट्याने वाढतात. निरोगी पक्ष्यांना औषध चारण्याची प्रथा रूढ झाली ती या अर्ध्या टनासाठी! औषध स्वस्त वाटले, कारण त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा कोंबडीवाल्याच्या वहीत कधी चढलाच नाही. औषधाला न जुमानणारे जंतू त्यातून बळावतात. त्यांचा खर्च रुग्णालयाच्या खाटेवरचा माणूस भरतो, आणि त्याने कोंबडी कधी चाखलेलीही नसते.

स्वीडनने ही प्रथा १९८६ मध्येच बंद केली. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ मध्ये ती सोडली, तेव्हा धंदा बुडाला नाही. युरोपीय संघाने २००६ च्या प्रारंभापासून बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील वापर रोखला. वनौषधींना बाजार मिळाला तो या पोकळीत.

ओव्यातील थायमॉल जंतूंना आवर घालते, लसणातील अॅलिसिनही घालते. हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. शेडमधील निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. कोठे वजन वाढते, कोठे काहीच घडत नाही. यात नवल नाही. एकाच वनस्पतीतील द्रव्यांचे प्रमाण जमीन, हंगाम आणि अर्क काढण्याची रीत यांप्रमाणे बदलते. सुगंधी तेले खाद्याच्या गोळ्या करताना उष्णतेने उडूनही जातात. शिवाय तूस कोरडे, हवा खेळती आणि पाणी स्वच्छ असेल तेथे प्रतिजैविकांचाही लाभ घटत असे. अर्काचा लाभ मोजताना हे विसरता येत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. करार पद्धतीत पिले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते; शेतकऱ्याची असते शेड, वीज आणि राबणूक. त्याला किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. मरतूक वाढली किंवा खाद्य अधिक लागले की त्या मोबदल्यात कपात होते. अर्क निवडणार एक आणि तो कुचकामी ठरला तर झळ सोसणार दुसरा, अशी ही वाटणी आहे. निव्वळ ‘आयुर्वेदिक’ या शब्दावर विकल्या जाणाऱ्या डब्यावर क्रियाशील द्रव्याचे प्रमाण छापणे सक्तीचे हवे. चाचण्या सामान्य शेतकऱ्याच्या शेडमध्ये, कंपनीच्या खर्चाने व्हाव्यात. आणि अर्क बदलून पाहिला जात असेल त्या तुकडीपुरती मरतुकीची कपात करारातून वगळली जावी.