दगड आणि छायाचित्रण

चित्रपट पाहून आलेल्या आमच्या रसिक मित्रांची बैठक ऐकावी, म्हणजे आपण चुकून एखाद्या पेढीवर येऊन बसलो की काय, अशी शंका येते. २०१६ साली आलेल्या 'सैराट'ने किती कोटी मिळविले, हे यांना मुखोद्गत! पण अखेरीस सारा आवाज थांबतो आणि ते चिमुकले पोर रक्ताची पावले उमटवीत दाराबाहेर जाते, त्याविषयी विचारा. "शेवट जरा अंगावर येतो," एवढेच उत्तर. अहो, तो अंगावर यावा म्हणूनच ना केला?

त्याच नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुकरे धरणाऱ्या घरातला जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्याकडे. परवा एक गृहस्थ त्यावर म्हणाले, "छायाचित्रण उत्तम!" दगड कपाळी बसला, तरी हे त्याच्या नेमाचेच कौतुक करणार. आणि मी? चहा ढवळीत "मध्यंतरानंतर थोडा रेंगाळतो" असे म्हणून मोकळा झालो. आमच्या गावी डुकरे कोणाला धरावी लागतात, आणि ती त्यालाच का, हा विषय चहा संपेपर्यंत निघाला नाही.