कर्जाला नाव बाईचं, घराला नाव कुणाचं?

२०२३ सालच्या जून महिन्यात आमच्या केंद्रात एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायचं काम. नवरा वारलेला, मुलगी कपड्याच्या दुकानात नोकरीला. घर नदीकडच्या गावभागात. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि ओसरताना मागची मातीची भिंत घेऊन गेलं. तेव्हापासून मागच्या खोलीवर ताडपत्री. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि बाजूच्या भिंतीला पोट सुटलं. घर तारण ठेवून दुरुस्तीपुरतं कर्ज मिळेल का, हे विचारायला त्या धीर करून बँकेत गेल्या होत्या. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि सांगितलं, "बाई, तुमची पत नाही."

आपल्या भाषेत पत हा नुसता बँकेतला शब्द नाही. पत गेली म्हणजे अब्रू गेली. बचत गटाची वर्गणी वीस वर्षांत एकदाही न चुकवलेली ही बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कुणाचं बुडवलं न्हाई ताई. आन् तुमीच म्हनलासा न्हवं, माफी हुईस्तवर हप्ता भरू नका म्हणून?"

होय, मीच म्हटलं होतं. प्रांत कार्यालयासमोर, हातात माईक घेऊन. म्हणून हा लेख लिहिते आहे.

मैत्रिणींनो, त्या दिवसांची आठवण आपल्यापैकी अनेकींना असेल. महापुरानंतर माग बंद, मजुरी बंद, आणि मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले मात्र चिखल वाळायच्या आत दारात. ते उठतात तोवर २०२० चा लॉकडाऊन आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली. हप्ता थांबला तरी व्याज चालू राहतं, हे गल्लीत कुणी सांगितलं नाही. सवलत म्हणजे माफी, असाच समज पसरला. त्या वेळी हप्ते देऊ नका म्हणणं चूक नव्हतं. ज्या घरात चूल पेटत नव्हती, तिथून हप्ता ओढून नेणं हा अन्यायच होता आणि आजही मी तेच म्हणेन. चूक दुसरी झाली. हप्ता थांबवला तर त्याची नोंद कुठे होते, ती किती वर्षं राहते आणि पुढे कशाच्या आड येते, हे आम्ही बायकांना सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाच ते माहीत नव्हतं. संपात मजुरी बुडते हे सांगूनच आपण संप करतो. इथे मात्र किंमत न सांगता लढाईत उतरवलं.

ही नोंद म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कर्जदारांची माहिती गोळा करणारी 'सिबिल' ही कंपनी २००० साली स्थापन झाली, २००५ साली त्यासाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि वित्तसंस्था प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना देतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. आकडा साडेसातशेच्या पुढे असेल तर बँक हसून बोलते, सहाशेच्या खाली असेल तर बहुधा अर्जच घेत नाही.

या आकड्यात काय नसतं, तेही पाहा. वीस वर्षांची बचत त्यात नसते. गटातल्या गटात घेतलेलं आणि वेळेवर फेडलेलं कर्ज नसतं. वेळेवर भरलेलं घरभाडं, मुलीची फी, भिशीचा हप्ता यातलं काहीच नसतं. म्हणजे बाईचा शिस्तीचा सगळा व्यवहार त्या वहीच्या बाहेर, आणि पूर आला त्या वर्षीचे चुकलेले हप्ते तेवढे वहीत.

आम्ही त्यांचा अहवाल काढला. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो आपला हक्क आहे. अहवालात तीन कर्जं निघाली. पहिलं त्यांनी पूर्ण फेडलेलं होतं, तरी थकीत दाखवलेलं. दुसऱ्यापुढे शेरा होता 'राइट ऑफ', म्हणजे निर्लेखित. कंपनीचा माणूस यायचा बंद झाला आणि शेजारच्या पोराने सांगितलं, राइट ऑफ झालं म्हणजे माफ झालं. तसं नसतं. कंपनी आपल्या हिशेबापुरतं ते कर्ज बाजूला काढते. बाईच्या नावावर ते तसंच राहतं. तिसरं कर्ज दिराच्या मागाच्या मोटरीसाठी काढलेलं होतं. "त्येंच्या नावावर मिळत न्हवतं, बायकांस्नी लगेच देत्यात, म्हणून माझ्या नावानं काढलं." दिराने काही हप्ते भरले, मग निम्म्या रकमेत तडजोड केली. नोंद झाली 'सेटल्ड'. दिराच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. बँकेच्या दृष्टीने 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण न फेडलेलं, आणि डाग पडला तो वहिनीच्या नावाला.

आता दुसरं टोक पाहा. तारण ठेवायचं तर घर कुणाच्या नावावर? प्रॉपर्टी कार्ड काढलं, तर नाव सासऱ्यांचं. ते जाऊन बारा वर्षं झालेली. नवरा गेला तेव्हा वारस नोंद कुणी केली नव्हती. घरफाळा ही बाई भरते, पावती निघते सासऱ्यांच्या नावाने. कर्ज काढताना ती घरातली कर्ती, आणि उतारा काढायला गेलं की ती घरातली कुणीच नाही. मला वाटतं, बायकांच्या कर्जाचा सगळा प्रश्न या एका घरात दिसतो.

पुढची दोन वर्षं आम्ही काय केलं, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या गावातही अशा बायका आहेत.

पहिल्या कर्जाची फेडल्याची पावती त्यांनी देव्हाऱ्यामागे जपून ठेवली होती. ती जोडून लेखी तक्रार केली. एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की तक्रारीचं निवारण ३० दिवसांत झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम अर्जात लिहिला. महिन्याच्या आत नोंद दुरुस्त झाली. दुसऱ्या कर्जाचे राहिलेले पैसे गटातून उसने घेऊन भरले, 'येणे नाही' असा दाखला घेतला आणि नोंद बदलेपर्यंत पाठपुरावा केला. तिसऱ्यासाठी दिराला बोलावलं. गटातल्या सहाजणी बसल्या होत्या. तो आधी चिडला, मग गप्प झाला, मग तडजोडीत सुटलेली रक्कम दोन टप्प्यांत भरायला तयार झाला. आठवड्याची मजुरी रोख मिळायची, ती बाईंनी दर आठवड्याला बँकेत भरायला सुरुवात केली. थोडी रक्कम ठेव म्हणून ठेवून तिच्यावर छोटं कर्ज घेतलं आणि ठरल्या तारखेला फेडलं. पत अशीच हळूहळू परत येते. पैसे घेऊन आठवड्यात आकडा वाढवून देतो म्हणणारे एजंट शहरात फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

घराच्या कागदात जास्त वेळ गेला. वारस होते दीर, नणंद, ही बाई आणि तिची मुलगी. सगळ्यांनी सहज सुचवलं, नणंदेकडून हक्कसोड लिहून घ्या. मीही क्षणभर हो म्हणणार होते. मग वाटलं, एका बाईचं नाव लावायला दुसऱ्या बाईचं नाव पुसायचं, हीच का आपली रीत? १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, तो असाच हक्कसोडीच्या कागदावर संपतो आहे. नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे माझं. भैनीगत ऱ्हायलोय आमी. कर्जाच्या कागदावर म्या बी सही करतो." हक्कसोड दिराने केली. त्याने दुसरीकडे जागा घेतलेली होती, आणि वहिनीच्या नावावर काय केलं होतं ते एव्हाना सगळ्या गल्लीला कळलेलं होतं. आज त्या प्रॉपर्टी कार्डावर तीन बायकांची नावं आहेत.

२०२५ साली कर्ज मंजूर झालं. मागितले साडेतीन लाख, मिळाले दोन लाख. मुलीचा पगार बँकेत जमा होत होता, त्याचा मोठा उपयोग झाला. मागची भिंत विटांची झाली, वर पत्रा आला. बाजूची भिंत अजून तशीच आहे. ही काही विजयकथा नाही. पण एक हिशेब मांडते. तेच दोन लाख शेकडा २४ व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले असते, तर महिन्याला सुमारे साडेदहा हजारांचा हप्ता बसला असता. हा या बाईंच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त आहे. घरतारण कर्जावर शेकडा ९ ने, दहा वर्षांच्या मुदतीत, हप्ता बसतो अडीच हजार. दहा वर्षांत एकूण व्याज जास्त जातं हे खरं. पण अडीच हजारांत घर चालतं, आणि साडेदहा हजारांत दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरावा लागतो. भिंत पडते तेव्हा ज्यांना बँक दार उघडत नाही, त्या या दुसऱ्या वाटेने जातात.

आमच्या बैठकीत एका मैत्रिणीने आक्षेप घेतला. ती म्हणाली, आपण बायकांना आज्ञाधारक कर्जदार व्हायला शिकवतो आहोत. व्यवस्थेने दिलेल्या आकड्याला मान्यता देतो आहोत. पोटाला पुरेल अशी मजुरी आणि राहायला घर मागायचं सोडून आकडे कसले दुरुस्त करता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. कर्ज हे मजुरीला पर्याय नाही. पण व्यवस्था बदलेपर्यंत त्या बाईने ताडपत्रीखाली राहावं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. मी स्वतः नोकरदार, माझ्या घराला गृहकर्ज आहे. मोर्च्यात मी होते, पण डाग माझ्या नावावर पडला नाही.

शिवाय पतीसाठी भांडणं हे चळवळीला नवं नाही. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. म्हसवडच्या बायकांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज, त्या निरक्षर आहेत म्हणून नामंजूर झाला होता. त्या शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. 'पत नाही' हे उत्तर त्या बायकांनी मानलं नाही.

म्हणून काही गोष्टी आपण सगळ्यांनी मिळून ठरवाव्यात असं मला वाटतं. यापुढे हप्तेबंदीची हाक द्यायची असेल, तर तिचे परिणाम आधी प्रत्येकीला सांगायचे आणि तिचा निर्णय तिला घेऊ द्यायचा. आपत्तीतल्या माफीची मागणी करताना, 'त्या काळातल्या थकबाकीचा शेरा नोंदीत राहणार नाही' ही मागणी त्याच निवेदनात लेखी घालायची. प्रत्येक गटाने वर्षातून एक बैठक अहवाल काढून वाचण्यासाठी ठेवायची. घरातल्या पुरुषासाठी आपल्या नावाने कर्ज काढायची वेळ आली, तर ते गटाला सांगायचं आणि त्याची जबाबदारी त्याच्याकडून लिहून घ्यायची. आणि घराच्या कागदावर नाव लावून घ्यायला पुढच्या पुराची वाट पाहायची नाही.

सरकारकडेही मागायचं आहे. २०२४ साली सुरू झालेली शहरी आवास योजना ज्यांचं देशात कुठेही पक्कं घर नाही अशा कुटुंबांसाठी आहे. घर आहे पण भिंत पडायला आली आहे, अशा बाईने कुठे जायचं? पूरग्रस्त शहरांत दुरुस्तीसाठी स्वस्त व्याजाचं कर्ज हवं, आणि ते देताना बचत गटातली नियमितता बँकेने पत म्हणून धरायला हवी.

त्या बाई अजून कांड्या भरतात. परवा गटाच्या बैठकीत नव्या दोघीजणी आल्या होत्या, मायक्रोफायनान्सची पासबुकं घेऊन. मी बोलायला उठायच्या आत त्यांनीच विचारलं, "आधी सांगा, हे कर्ज कुणासाठी काढलं? आन् घर कुणाच्या नावावर हाय?"

तुमच्या गटात हे प्रश्न विचारले जातात का? हप्तेबंदीबद्दल माझं म्हणणं पटत नसेल, तर तेही लिहून कळवा. हा वाद आपण आपसात, मोकळेपणाने घालायला हवा.