सहीपुरता लोकसहभाग

‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी सेवेत असताना आम्ही असंख्य कागदांवर लिहिला. त्याचा अर्थ मात्र निवृत्तीनंतर, तोही एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीकडून, आम्हांला शिकावा लागला. ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, असे ठरविले. स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम, असे २००४ च्या नियमांनी सांगितले होते. गावकऱ्याला जे ठाऊक असते तेही ज्ञानच होय, हा माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी सातत्याने मांडलेला विचार या तरतुदीच्या मुळाशी आहे. परंतु देशभर हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर प्रत्येक राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. मग एकच धांदल उडाली. आमच्या गोव्यात १९१ पंचायती. वह्या भरल्या गेल्या. पण त्यांतल्या किती वह्या गावाने उघडून पाहिल्या, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या पंचायतीत जाऊन विचारावा.

आमच्या परिचयातील ही मुलगी पेडणे तालुक्यातलीच. गावच्या सड्यावरील वनस्पती व पाणवठे यांची नोंद करण्याचा प्रकल्प तिने घेतला होता. हाती इंग्रजीत छापलेली प्रश्नावली. ती घेऊन ती घरोघर फिरली. उत्तरे मिळाली ती ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ एवढीच. शेवटी एका वृद्धेने तिला विचारले, “अगो बाय, हे सगळे लिहून तू नेतेस कुठे?” या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यापाशीही सेवेच्या सगळ्या वर्षांत ते नव्हते.

तिने प्रश्नावली घरी ठेवली आणि गुराख्यांबरोबर, पालापाचोळा गोळा करणाऱ्या बायकांबरोबर ती सड्यावर चालू लागली. काय नोंदवावे हे त्यांनाच विचारू लागली. आणि जे लिहिले ते मराठीत उतरवून तिने देवळाच्या सभामंडपात सर्वांसमोर वाचून दाखविले. तिथे खरे संशोधन घडले. तिने कोरडा म्हणून लिहिलेला झरा चतुर्थीपासून शिमग्यापर्यंत वाहतो, हे बायकांनी सांगितले. एकाच नावाच्या दोन गोठणी वेगळ्या आहेत, हे गुराख्याने दाखविले. एका औषधी मुळीची जागा कागदावर येऊ नये, नाहीतर बाहेरचे लोक ती खणून नेतील, असे एका वृद्ध गृहस्थाने विनविले. तिने ती ओळ सर्वांदेखत खोडली.

महाविद्यालयात याचे कौतुक होईल, ही आमची भाबडी समजूत. नमुन्यात बसत नाही आणि माहिती अपुरी, या कारणास्तव तिचे गुण कापले गेले! लोकांना बोलावले की शास्त्रीय काटेकोरपणा जातो, हा तर्क यामागे आहे. आणि तो आम्ही कचेरीतही पुष्कळदा ऐकला आहे.

या तर्काचे उत्तर पेडण्यातच आहे. मोपाच्या पठारावरील विमानतळाला २०१५ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. अर्जात पठाराची व परिसराची आवश्यक माहिती नीट दिलीच नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली आणि फेरविचार करावयास लावला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. विमानतळ हवा होता की नको, हा आजचा विषय नव्हे. मुद्दा एवढाच, की तज्ज्ञांच्या कागदांतून जे निसटले ते त्या पठाराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तोंडपाठ होते. डिचोली तालुक्यात शिरगावच्या विहिरी खाणींपायी आटल्या, तेव्हाही पाणी कुठवर खाली गेले हे सर्वांआधी कळले ते दोर सोडणाऱ्या हातांना. काटेकोरपणा गमावला तो कोणी?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गावाविषयीच्या कोणत्याही संशोधनात प्रश्न ठरविताना गाव हजर असावे. निष्कर्ष कचेरीत जाण्यापूर्वी गावाच्या भाषेत गावासमोर वाचले जावेत. आणि काय लपवावे, हे ठरविण्याचा अधिकारही गावाचाच असावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा ठेवली. तेव्हा भाषेची सबब कोणी सांगू नये.

परंतु सारा दोष सरकारवर व महाविद्यालयांवर लोटून आपण मोकळे होऊ शकत नाही. पेडणे-डिचोलीतील आपल्या जुन्या घराण्यांच्या पेट्यांत मोडी कागद आहेत, जमिनींची, देवस्थानांची, पाटपाण्याची टिपणे आहेत. ती विद्यार्थिनी ज्या ज्या मोठ्या घरी गेली तिथे तिला चहा मिळाला. पेटी मात्र कोणी उघडली नाही. ज्यांच्यापाशी एकही कागद नव्हता, त्यांनी तिला आपल्यापाशी होते तेवढे सगळे दिले. सभामंडपातील त्या वाचनाला आम्ही स्वतः मागच्या रांगेत बसलो होतो आणि आमच्या घरची पेटीही त्या दिवशी बंदच होती. ती आता उघडली आहे. पुढचा विद्यार्थी दारी येईल, तेव्हा वाचकांनी आपली उघडावी, एवढेच मागणे.