पडद्यावरचा दिवाणखाना

मी आयुष्यात पहिला दिवाणखाना पाहिला तो कापडावर रंगवलेला. आमच्या लाखांदूरकडे धान कापून झालं, दिवाळी उरकली की गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे उशिरा सुरू होणार आणि पार पहाटेपर्यंत चालणार. आम्ही पोरीबाळी घोंगडी घेऊन पुढे बसायचो. पडदे बदलायचे. एक जंगलाचा, एक रस्त्याचा, आणि एक दिवाणखान्याचा. निळा सोफा, फुलदाणी, भिंतीवर घड्याळ आणि मागे वर जाणारा जिना. त्या जिन्याकडे मी डोळे फाडून बघायची. आमच्या अख्ख्या आळीत कुणाच्या घरात जिना नव्हता. सोफा तर नव्हताच. खरं सांगते, पुढे मी नागपूरला इंटिरिअर डिझाइन शिकायला गेले त्याचं मूळ त्या पडद्यात आहे.

हल्ली कुठे बोलायला गेले की मुली हमखास विचारतात, 'मॅडम, तुमची डिझाइनची फिलॉसॉफी काय?' मोठा शब्द आहे. तो ऐकला की मला मोठीआईचं किचन आठवतं.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. २००६ साली मी तिच्या लाखांदूरच्या घरात स्वयंपाकघर करून दिलं. जुन्या मातीच्या घराला मागे एक स्लॅबची खोली जोडली होती, तीत. हौसेनं, पदरचे पैसे घालून, आणि थोडं गावाला दाखवायलाही. पांढरं लॅमिनेट, ग्रॅनाइटचा ओटा, खाली सगळ्या ट्रॉल्या. आळीतल्या बाया बघायला आल्या. ट्रॉली ओढून सोडायची, ती सरकन आत जायची, की हसायच्या. मीही खूश.

आठ महिन्यांनी गेले, तर मोठीआई मागच्या सपरीत पाटावर बसून भाजी चिरत होती. शेजारी चूल पेटलेली. किचनमध्ये डोकावले. ट्रॉल्यांना गंज चढलेला, एकीत लाखोळीची डाळ ओतलेली आणि ती ट्रॉली वजनानं एका बाजूला कललेली. ओट्याखाली एक पाट. तो कशाला, म्हणून विचारलं, तर ओट्यावर हात पुरावा म्हणून ती त्या पाटावर उभी राहून पोळ्या करायची! एकदा पडलीसुद्धा होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तुजं किचन लय मस्त आहे बाई. पन त्यात मी मावत नाई."

रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या बोलण्यात उलट मलाच सांभाळून घेणं होतं.

चूक साधी होती. ओटा ३४ इंचांचा, कारण मिस्त्री सगळीकडे तेवढाच धरतो. मोठीआईची उंची चार फूट दहा इंच. उभं राहून काम करायचं तर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, हे मी कॉलेजात शिकले होते. म्हणजे तिला ३० ते ३२ इंच. टेप माझ्या पर्समध्ये होता. मी भिंती मोजल्या, खिडकी मोजली. तिचं कोपर काही मोजलं नाही. आणि मुळात ती उभं राहून काम करते का, हे तरी कुठे विचारलं? निवडणं, चिरणं, वाटणं, पाखडणं, सगळं तिचं बसून. धान पोत्यानं येणार, डाळ पायलीनं येणार, आणि मी तिला एक-एक किलोच्या बरण्यांच्या ट्रॉल्या दिल्या.

मैत्रिणींनो, आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याच्या आजीची गोष्ट इथे सांगायला हवी. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ही व्हिएन्नाची वास्तुतज्ज्ञ. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहरानं कामगारांसाठी वसाहती बांधायला काढल्या, त्यांतल्या घरांसाठी तिनं १९२६ मध्ये स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होतं. बाईची पावलं वाचावीत, म्हणून चुलीपासून मोरीपर्यंतचं अंतर मोजून सगळं हाताशी आणलं. तांदूळ, डाळी, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे खण, त्यांना धार ओतता येईल अशी चोच. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचे डबे ओकच्या लाकडाचे. बसून काम करायला फिरतं स्टूल आणि समोर खिडकी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसली.

हे सारं वाचून मी भारावले होते. मग दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ते आखेपर्यंत या बाईंनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. दुसरी जास्त बोचणारी. ते स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं, की त्यात एकच बाई मावे. पोर पायाशी नको, नवरा मदतीला नको, शेजारीण गप्पांना नको. पावलं वाचली आणि ती तिथे एकटी पडली. पुढच्या पिढीतल्या बायकांनी त्यावरूनच टीका केली. श्युटे-लिहोत्स्की बाईंबद्दल माझा आदर मात्र तसूभर कमी झालेला नाही. पुढे नाझींच्या विरोधात काम केलं म्हणून तुरुंगात गेलेली ही बाई, जवळजवळ १०३ वर्षांची होऊन २००० साली गेली. बाईचे श्रम हा नकाशातला विषय आहे, हे तिनं साऱ्या जगाला दाखवलं. आपण तिच्याकडून ट्रॉली तेवढी उचलली, स्टूल आणि खिडकी तिथेच राहिली.

आता कुणी म्हणेल, मग जुनं घरच बरं होतं. तसं अजिबात नाही हं! आमचं जुनं घर मी विसरलेले नाही. पुढे सपरी, मग माजघर, एका अंगाला धानाची ढोली, मागे सांदवाडी. भिंतीतले कोनाडे बसल्या माणसाच्या हाताला लागतील असे, म्हणजे दिवा, फणी, सुईदोरा उठल्याशिवाय मिळायचा. सपरीत पाच बायका पाय पसरून बसल्या तरी जागा उरायची. हे सगळं शहाणपणाचं होतं. पण धुरानं आईचे डोळे सदा लाल. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, तरी गळायचं ते गळायचंच. सारवून सारवून बायकांची कंबर जायची. कोनाड्यात दिव्याबरोबर कधी विंचूही मिळायचा. मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पावसाळा ते सारवून दाखवावं, मग लिहावं.

या सगळ्यात मला वाट दिसली ती आमच्याच विदर्भात, सेवाग्रामला. बापूकुटी शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच पाहिलेली असते, मीही पाहिली होती. पण मोठीआईच्या किचनानंतर गेले, तेव्हा ती वेगळी दिसली. ही झोपडी मुळात मीराबहेननं स्वतःसाठी बांधलेली, गांधीजी तिथे नंतर राहायला आले. ते १९३६ मध्ये शेगावात आले आणि १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचं. मीराबहेन म्हणजे इंग्लंडच्या नौदल अधिकाऱ्याची मुलगी. तिनं आतल्या भिंतीवर मातीनंच ताडाची झाडं उठावात काढली आहेत. मी तिथे खाली बसले. जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला ती झाडं येतात. बैठक, लिहायचं डेस्क, भिंतीतली फळी, सगळं बसल्या हाताच्या टप्प्यात. उभ्यानं पाहिलं तर खोली रिकामी वाटते. बसलं की भरते. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी मीराबहेनला आपली म्हणायला हरकत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. पाहुण्यानं दारातून काय पाहावं, याचा विचार तिनं केलेला दिसत नाही. राहणारा कुठे बसेल, एवढंच पाहिलं.

आपली बहुतेक घरं याच्या उलटी. घराचा निम्मा पैसा हॉलमध्ये जातो. टीव्हीची भिंत, पीओपीची छत, त्यात लपवलेले दिवे. झाडीपट्टीच्या नाटकातला तो रंगवलेला दिवाणखानाच आपण सिमेंटमध्ये बांधतो. प्रेक्षक आले की दिवे लागतात. आणि बाई असते विंगेत, घामाघूम, दोन खोल्यांतल्या उरलेल्या जागेत. सरकारी घरकुलसुद्धा बघा. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरलं, आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ जागा धरलेली आहे. कागदावर आहे. मी आमच्या भागात जी घरकुलं पाहिली, त्यांतल्या कितीतरी घरांत ती जागा खोलीत मिसळून गेली आणि चूल मागच्या टिनाखाली. सपाट भागात १ लाख २० हजारांचं सहाय्य, त्यात कुणाला दोष द्यायचा? पण नकाशा काढताना घरातल्या बाईला कुणी विचारलं होतं का, एवढं मी विचारते. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "तिले का समजते नकाशातलं?"

दोन वर्षांपूर्वी मोठीआईचं ते जुनं घर पाडायचं ठरलं. माझ्या किचनसकट. दादानं फोन केला, "तूच कर आता नवीन." मी एक अट घातली. आधी दोन दिवस मी वहिनीच्या मागे-मागे फिरणार, मग पेन्सिल उचलणार.

पहाटे पाचपासून बसले. वही हातात. वहिनी सकाळच्या पहिल्या दोन तासांत अकरा वेळा सांदवाडीत गेली. पाणी, सरपण, कोंबड्या, भांडी, पुन्हा पाणी. गॅस होता, पण आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण सिलिंडर पुरवायचा असतो. शेतावरून आली की हातपाय धुवायला जागा नाही, चिखलाच्या पायानं घर ओलांडायचं आणि मग तेच पुसायचं. तिला विचारलं, नव्या घरात काय हवं? म्हणाली, "तुमीच सांगा ना, तुमी शिकलेल्या." दुसऱ्या दिवशी रात्री भाकरी थापता थापता बोलली. पक्का जिना असलेला माळा पाहिजे. मला वाटलं, हिलाही नाटकातला जिना आठवतो की काय! तसं नव्हतं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा तिच्या माहेरी शिडीवरून पोती चढवता चढवता निम्मं धान भिजलं होतं. म्हातारीला वर न्यायला शिडी चालत नाही, हेही तिनं सांगितलं.

मग मी नकाशा काढला. हात-पाय धुवायची जागा मागच्या दाराशी. स्वयंपाकघराला सपरीकडे मोठी खिडकी, पलीकडे बसलेल्याशी बोलता येईल अशी. दोन ओटे, एक उभ्यानं काम करायला वहिनीच्या कोपराच्या मापानं, आणि दुसरा जमिनीपासून फूटभर उंच, मोठीआईनं बसून चिरायला. ट्रॉल्या नाहीत. पोतं आत ढकलता येईल अशी खालची जागा मोकळी.

भांडण झालं ते तीन फुटांवरून. सपरी मोठी करायची तर हॉल तीन फूट लहान होत होता. दादा म्हणाला, "सोफा कुठी ठेवू? लोक का म्हनतीन?" आणि पीओपीची छत तर त्यानं आधीच बोलून ठेवलेली. मी समजावत होते, तो ऐकत नव्हता. शेवटी वहिनीच म्हणाली, आणि तीही दादाकडे न बघता, "सोफ्यावर वर्षातून किती डाव बसते कोनी? सपरीत मी रोज बसतो." तीन फूट मिळाले. पीओपी राहिली. सगळंच आपल्या मनासारखं कुठे होतं? आणि घर त्याचंही आहेच की.

गेल्या मंडईला गेले होते. हॉलमध्ये छतातले दिवे बंद, सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. सगळी माणसं मागे सपरीत. मोठीआई बुटक्या ओट्याशी वाल सोलत होती, दादा खिडकीच्या कठड्यावर चहाचा कप ठेवून आत वहिनीला काहीतरी रंगवून सांगत होता. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायच्या बेतात होते, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "बाई, ओटा दोन बोटं उंच पायजे होता वो. कुकर मोठा असला की वाकावं लागते."

मी पर्समधून टेप काढला. पोळीचं माप घेतलं होतं, कुकरचं राहिलं होतं.